बिनजिऱ्याचे वडे

शनिवार, १० फेब्रुवारी २०१८

ऋता आज सकाळी मेलबर्नहून आली. ही दादाची धाकटी मुलगी. ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठाची पदवी असल्यामुळे तिला सिंगापूरचा सहा महिन्यांचा वर्क हॉलिडे पास मिळाला आहे. म्हणजे इथे राहायचं, फिरायचं आणि मिळेल ते काम करायचं. सुटी की काम, हे सरकारने आधी एकदा ठरवायला हवं होतं.

दुपारी पुण्याहून दादाचा फोन. "निशी, तुझ्या भरवशावर पाठवलंय. एखाद्या चांगल्या ऑफिसात चिकटव तिला. नाही जमलं तर परत येऊन माझ्या फर्ममध्ये बसायचं, असं ठरलंय आमचं." दादा सीए आहे. मी शब्द दिला.

ऋताला वेदांतची खोली दिली. वेदांत नॅशनल सर्व्हिसमध्ये, म्हणजे इथल्या सक्तीच्या लष्करी सेवेत आहे, शनिवार-रविवारीच घरी येतो. तो हॉलमध्ये झोपेल. "कॅन लाह," म्हणाला, म्हणजे जमेल. मुलगा असाच सगळ्याला कॅन म्हणत आला तर फार चिंता नाही.

ही डायरी बँकेने दिली. नाहीतरी मराठी लिहिण्याचा हात राहिलेला नाही, म्हणून सुरुवात केली.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

ऋताचा सीव्ही दुरुस्त केला. छंदांमध्ये तिने 'नवीन लोकांशी गप्पा' असं लिहिलं होतं. ते काढलं. इथल्या मराठी मंडळातल्या तिघांना पाठवला. तिघेही मोठ्या जागी आहेत. आपल्याकडे ओळखीशिवाय काही होत नाही आणि ओळखीने होत नाही असं काही नाही.

जेवताना ऋताने विचारलं, "काकू, तुझा पण पीआर आहे ना, इथे कायम राहायचा? मग तू का नाही करत काम?"

मी म्हणालो, "तिला कधी गरजच पडली नाही."

सुलेखा आमटी आणायला उठली. आमटी टेबलावरच होती.

खरं तर सुलेखा एमएस्सी आहे. पुण्यात एका बिस्किटांच्या कंपनीत लॅबमध्ये होती. अठ्ठ्याण्णवमध्ये इथे आलो तेव्हा ती नोकरी सुटली, मग वेदांत झाला. तो शाळेत जायला लागल्यावर तिने एकदा एका पाळणाघरात नोकरी पाहिली होती. मी तिला समजावलं की तिथे रोज कोणाला ना कोणाला ताप असतो आणि तो ताप आपल्या घरी येतो. तिला पटलं. माझं कामच मुळी बँकेत धोके आधी ओळखण्याचं आहे. घरी वेगळं वागून कसं चालेल?

शनिवार, २४ फेब्रुवारी

चिनी नववर्षाची सुटी संपली. तिघांपैकी दोघांचं उत्तर आलं. एक म्हणाला, पोरगी हुशार दिसते. दुसरा म्हणाला, सहा महिन्यांसाठी कोण घेणार, पण घरी या जेवायला. तिसऱ्याने हात जोडलेलं चित्र पाठवलं.

ऋता रोज सकाळी एमआरटीने, म्हणजे मेट्रोने, तांजोंग पगारच्या ऑफिसांच्या भागात जाते आणि म्हणे दुकानादुकानात शिरून विचारते, माणूस हवं आहे का. मी म्हणालो, अशी कामं मिळत नसतात.

मंगळवार, २७ फेब्रुवारी

मिळालं. तांजोंग पगारच्या एका गल्लीत, जुन्या शॉपहाउसच्या तळमजल्यावर एक लहानसं कॅफे आहे. तिथे कॉफी, टोस्ट आणि भांडी. तिन्ही हिलाच. मालकीण जोसेलिन नावाची चिनी बाई आहे. ऋता इतकी खूश होती की मला अभिनंदन करावं लागलं.

कॅफेचं नाव मी विचारलं नाही. जे माहीत नाही ते कोणाला सांगावं लागत नाही.

दादाला फोनवर म्हणालो, "फूड सेक्टरमध्ये लागली आहे." दादा म्हणाला, "वा! नेस्ले वगैरे?" मी म्हणालो, "त्याच क्षेत्रात." यात खोटं काहीच नाही.

रविवार, १८ मार्च

गुढीपाडवा. गुढी बाल्कनीत उभारली. यंदा शेजारच्या मलय आजोबांनी स्वतःहून विचारलं, "टुडे न्यू इयर?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

जेवण झाल्यावर सुलेखा झोपली, ती थेट पाचला उठली. तिला दुपारची झोप कधी नसते. पाय दुखतात म्हणाली. ऋताने न सांगता तिच्या पायांना बाम चोळला. मुलगी गुणी आहे. मी म्हटलं, वय झालं, चालत जा रोज थोडं. सुलेखा म्हणाली, "चालते की." ऋताला एकदम हसू आलं. कशाचं ते कळलं नाही.

मंगळवार, ३ एप्रिल

आज अंगारकी. मंगळवारी मला तांजोंग पगारच्या मुख्य कार्यालयात मीटिंग असते. तिथे रोहन नावाचा पुण्याचा इंजिनिअर आहे. मला उपास आहे हे कळल्यावर तो म्हणाला, "सर, इथे मागच्या गल्लीत साबुदाणा वडे मिळतात. मालकीण सागो पॅटी म्हणते, पण खरे वडे आहेत. माझा पण उपास आहे, तुमच्यासाठी आणतो."

मी फार अपेक्षा ठेवली नव्हती. पण खाल्ले आणि थांबलोच. बाहेरून कुरकुरीत, आत मऊ, दाण्याचं कूट भरड, मिरची बेताची. आणि जिरं नाही! उपासाला जिरं चालत नाही हा आमच्या आईचा नियम. शेजारीपाजारी सगळे घालायचे, आई घालत नसे. रोहन म्हणाला, "एरवी असतं जिरं. आज काय झालं कोण जाणे."

मग लक्षात आलं. मागची गल्ली, लहान कॅफे. ऋता! तिला विचारलं पाहिजे.

रात्री जेवणात विषय काढला. "ऋता, वडे तुमच्याच दुकानातले ना?" ती हो म्हणाली आणि काकूकडे पाहायला लागली. मी म्हटलं, "अगं लाजतेस काय! तुला साधी पोळी लाटता येत नाही आणि आईच्या हातची चव बरोबर उतरली आहे. याला रक्त म्हणतात." ऋता काहीतरी बोलणार होती. सुलेखा म्हणाली, "ऋता, ताक घे." मग ऋताने ताक घेतलं.

दादालाही सांगितलं. त्याने दोनदा विचारलं, जिरं खरंच नव्हतं का. आईला जाऊन सात वर्षं झाली.

सुलेखाला विचारलं, तुझ्या वड्यांपेक्षा हे वेगळे का लागतात? ती म्हणाली, "काय वेगळे लागतात?" मी म्हणालो, सांगता येत नाही, पण यांत मन लावलेलं जाणवतं. मीठ मात्र किंचित कमी होतं.

मंगळवार, १० एप्रिल

रोहनने आजही वडे आणले. आज उपास नाही, तरी खाल्ले. जिरं होतं. मीठ बरोबर होतं. म्हणजे ऋता ऐकून घेते. असं माणूस वरच्या जागी जातं.

रविवार, २२ एप्रिल

सुलेखाच्या मनगटावर भाजल्याची खूण दिसली. तेल उडालं म्हणाली. इतकी वर्षं स्वयंपाक करून तेल उडतं? कढईत एकदम सगळं सोडायचं नाही, कडेने सोडायचं, असं मी तिला दाखवलं. वेदांत सोफ्यावर पडल्या पडल्या म्हणाला, "पा, यू रिअली डोन्ट नो, आह?" मी म्हटलं, काय माहीत नाही मला? तर म्हणाला, "नथिंग लाह." लष्करात शिस्त शिकवतात म्हणे.

बुधवार, १६ मे

दुपारी घरच्या फोनवर दोनदा फोन केला, लाईट बिलाचा आकडा विचारायला. कोणी उचलला नाही. मोबाईलवर केला तर मागे बरीच गडबड होती, भांड्यांचा आवाज. सुलेखा म्हणाली, "बाहेर आहे, नंतर करते." मैत्रिणी जमल्या असतील. बायकांना वेळ घालवायला काहीतरी हवंच.

हल्ली डब्यात पोळीऐवजी दोनदा भात आला. मी काही म्हटलं नाही. माझा तसा स्वभाव नाही.

मंगळवार, ५ जून

आज एक गंमत. मी आमच्या पासिर रिस स्टेशनात मेट्रोत बसलो आणि पुढच्या डब्यात पाठमोरी एक बाई दिसली, सुलेखाच्या निळ्या कुर्त्यासारखाच कुर्ता घातलेली, खांद्याला मोठी पिशवी. वेणीपण तशीच. माझ्यामागे दार लावून सुलेखा परत झोपते हे मला माहीत आहे, म्हणून उठून पाहिलं नाही. इथे आता आपले लोक इतके झालेत की कुर्तेसुद्धा सारखे दिसतात.

संध्याकाळी सुलेखाला सांगितलं. तिने विचारलं, "चेहरा नाही दिसला?" नाही म्हटल्यावर ती पुन्हा भाजी चिरायला लागली.

मंगळवार, १० जुलै

ऋताचा पास ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात संपतो. तिने दादाच्या फर्ममध्ये न बसता न्यूझीलंडला अशाच पासवर जायचं ठरवलंय. तिथे म्हणे किवीची फळं तोडतात. दादाला ती स्वतःच सांगणार आहे. फळं तोडणं हे कुठलं सेक्टर, याचा विचार मी आत्तापासून करतो आहे.

जेवताना सुलेखा म्हणाली, "ऋता गेली की जोसेलिनला एक बाई लागणार. सकाळी लवकरपासून साडेतीनपर्यंत. कायमची."

मी म्हणालो, "मिळेल कुणीतरी."

"हो. पण ओळखीची मिळाली तर बरं, असं ती म्हणते."

"मंडळाच्या ग्रुपवर टाकू का? पण आपल्यातलं कोण जाणार ताटल्या उचलायला? एखादी फिलिपिना मिळेल."

ऋता म्हणाली, "काका, अरे…" सुलेखाने तिच्या हातावर हात ठेवला. मग स्वतःच सगळी ताटं उचलून आत गेली. नळ बराच वेळ चालू होता. इथे पाण्याचं बिल येतं याची मी तिला आठवण करून दिली.

मंगळवार, ३१ जुलै

आज पुन्हा अंगारकी. आज जे झालं ते नीट क्रमाने लिहितो.

मीटिंग साडेबाराला संपली. रोहन म्हणाला, "सर, आज तुम्हीच चला ना. गरम खाल." ऋताचे शेवटचे दिवस आहेत, एकदा तिचं दुकान बघावं, म्हणून गेलो. दाराबाहेर रांग होती. टायवाले लोक, उन्हात, साबुदाण्याच्या वड्यांसाठी. मला उगाच अभिमान वाटला.

गल्ल्यावर जोसेलिन होती, पन्नाशीची, केसांत पेन्सिल खोचलेली. आमच्या पुढच्या माणसाला म्हणाली, "टुडे नो क्युमिन हां."

तो म्हणाला, "व्हाय? क्युमिन इज द बेस्ट पार्ट."

"आंटीज् हजबंड फास्टिंग," जोसेलिन म्हणाली. "हिज मदर्स रूल, कॅनॉट टेक क्युमिन. सो टुडे एव्हरीबडी नो क्युमिन."

"ही ईट्स हिअर?"

"नेव्हर कम! सम बॉय बाय फॉर हिम. ही डोन्ट नो हिज वाइफ कुक वन." आणि ती मोठ्याने हसली. रांगेतले दोघंतिघंही हसले. मी हसलो नाही.

रोहनला काही समजलं नव्हतं. तो आत डोकावून म्हणाला, "मावशी, जरा बाहेर या ना. आमचे सर आलेत. सर, या मावशी, आपल्या पुण्याच्याच."

सुलेखा बाहेर आली. निळा कुर्ता, वर एप्रन, केसांना जाळी. तिच्यामागून ऋता आली आणि जागच्या जागी उभी राहिली. सुलेखाने हात पुसले आणि म्हणाली, "नमस्कार."

मी म्हणालो, "नमस्कार."

रोहनच्या समोर आम्ही दोघांनी एकमेकांना हात जोडले. आमचं लग्न होऊन पंचवीस वर्षं झाली आहेत.

जोसेलिनने विचारलं, "हॅविंग हिअर ऑर टेकअवे?" रोहन टेकअवे म्हणाला. मी म्हणालो, इथेच.

कोपऱ्यातल्या टेबलावर बसलो. बसल्या जागेवरून आतलं दिसत होतं. ती एका हाताने वडे थापत होती आणि दुसऱ्या हाताने झाऱ्याने उलटत होती, मध्येच ऋताला काहीतरी सांगत होती, मध्येच जोसेलिनला ओरडून तेल मागत होती. ती इतक्या मोठ्याने बोलते हे मला माहीत नव्हतं. एकदा जोसेलिन काहीतरी बोलली आणि सुलेखा मान मागे टाकून हसली. हेही मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. वडे तेच होते, एप्रिलपासून खातो आहे तेच. पुढचे वडे तिने कढईच्या मधोमध सोडले, आणि तेल काही उडालं नाही.

खाऊन झाल्यावर ताटली उचलून मी आतल्या खिडकीपाशी नेली. तिने न बघता घेतली. मग बघितलं.

"बाकीचं घरी बोलू," ती म्हणाली. "आत्ता गर्दी आहे."

संध्याकाळी ती साडेचारला आली. मी दोन तास आधीच घरी आलो होतो. ऋता पाणीसुद्धा न पिता सरळ खोलीत गेली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"होळीनंतर. ऋता माझा डबा घेऊन जायची. त्यातलं जोसेलिनने चाखलं."

"मला सांगायचंस."

"सांगितलं की, याच महिन्यात. तुम्ही म्हणालात, मिळेल कुणीतरी."

मी म्हणालो, वडे फार चांगले होते. हे म्हणायला नको होतं, कारण ती खुर्चीत बसली आणि पदर नसताना पदर सारखा करावा तसा कुर्ता सारखा करत राहिली.

"इतकी वर्षं प्रत्येक चतुर्थीला हेच वडे खाता आहात तुम्ही," ती म्हणाली. "याच हातचे. कधी चांगले झालेत म्हणाला नाहीत. बाहेरून खोक्यात आले तेव्हा म्हणालात. तेही ऋताला. मन लावलेलं जाणवतं म्हणालात. मी तिथेच बसले होते."

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"आणि जिरं?" मी विचारलं. कशाला विचारलं कोण जाणे. "मी ते खाणार हे तुला तेव्हा, एप्रिलमध्ये माहीत होतं?"

"नव्हतं. पण तुमची मंगळवारची मीटिंग तिकडेच असते, हे माहीत होतं. चुकून खाल्लेत तर आईंचा नियम मोडायला नको, म्हणून पाचशे वड्यांत जिरं घातलं नाही." मग उठली. "ऋता गेल्यावर मी कायमची जाणार आहे. विचारत नाहीये, सांगते आहे."

मी म्हणालो, "जा." हा शब्द ऐकायला वाईट लागला, म्हणून पुन्हा म्हणालो, "जा ना, नक्की जा."

चंद्र उगवल्यावर जेवलो. ताटं मी उचलली. ऋता डोळे मोठे करून बघत होती, आणि मला फार वाईट वाटत होतं. एवढंच लिहिता येतंय.

मंगळवार, १४ ऑगस्ट

ऋता शुक्रवारी न्यूझीलंडला गेली. जाताना विमानतळावर काकूला मिठी मारली आणि मला नमस्कार केला. आली तेव्हा कोणाला काय केलं होतं, ते आठवत नाही.

सुलेखा आता माझ्याआधी निघते. मागे दार मी लावतो. मुख्य कार्यालयातल्या मीटिंगा मी हल्ली फोनवर घेतो. रोहनला काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.

आज घरी होतो तेव्हा दादाचा फोन आला. ऋताच्या फळांवरून आधी बराच वैतागला. मग म्हणाला, "सुलेखाला दे जरा."

"ती कामावर गेली आहे."

"कामावर? कसल्या?"

फूड सेक्टर माझ्या अगदी ओठावर आलं होतं.

"वडे तळते," मी म्हणालो. "तांजोंग पगारला एका कॅफेत. लोक रांग लावतात. तेव्हा तुला ऋताचे म्हणून सांगितले ना, ते हिचे होते."

मला वाटलं, दादा आता विचारेल की घरात काही अडचण आहे का. त्याने विचारलं, "आईसारखे होतात?"

"आईपेक्षा चांगले होतात," मी म्हणालो.

पहिल्यांदाच म्हणालो. पण ज्याला म्हणालो तो पुण्यात आहे. सुलेखा साडेचारला येईल. तेव्हा तोंडातून दुसरंच काही निघू नये, म्हणून हे वाक्य इथे लिहून ठेवतो आहे: आईपेक्षा चांगले होतात.